चुन्याचे शिंतोडे

निजामाच्या राजवटीत मी कनेरगावच्या खदानीतून बैलगाडीनं दगड वाहायचो. तिथं सरकारी हिस्सा वसूल करणारे एक मुनशी होते. जमिनीतून निघालेल्या दगडावर सरकारचा हिस्सा असायचा. त्यालाच आता रॉयल्टी म्हणतात. ठेकेदार तो वडारांच्या मजुरीतून कापायचा, आणि त्या पैशातून एक खडाही आमच्या गावच्या रस्त्यावर कधी पडला नाही.

मुनशीजी ढीग मोजायचे आणि चुन्याच्या पाण्यात केरसुणी बुडवून त्यावर शिंपडायचे. शिंतोडे नसलेला दगड आम्हाला उचलता येत नसे. माणूस तोंडाचा गोड. अडवायचा तोही "तकलीफ माफ" म्हणून. त्याच्या शेरवानीवर मात्र चुन्याचा थेंब कधी दिसला नाही.

एका उन्हाळ्यात कडा ढासळून एक वडार दबला. आम्ही दगड बाजूला फेकत त्याला काढलं, तर जीव गेलेला. त्याची बायको छाती बडवून राहिली होती, आणि मुनशीजी आम्ही फेकलेल्या दगडांचा ढीग मोजून राहिले होते.

"काहून मुनशीजी? आज तरी ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

"दगड निघाला का हिस्सा आला. बराबर हाय का न्हाई?" असं गोडीतच म्हणून त्यांनी केरसुणी झटकली.

संध्याकाळी त्या वडाराला पुरलं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचायचे होते. मी हाताला लागला तो उचलला. त्याच्या बायकोनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो नगं, दादा. चुना मारलेलाच आना. न्हाई तर हितंबी येतील मोजायला."