पावसाळा न पाहिलेलं शिंग

फजल मुकादम नेरूळला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. जुने वस्तरे नीट करून देणं हा त्यांचा धंदा. गंजलेलं पातं घासायचं, दगडावर धार लावायची आणि मोडक्या मुठीच्या जागी म्हशीच्या शिंगाची नवी बसवायची. माझ्या यजमानांचा वस्तरा त्यांनीच जिवंत केला. यजमान गेले तरी मी तो तेलपाण्याला नेते आणि करिमुन्निसाशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, गप्पा मारत बसते.

त्यांच्या बाल्कनीत शिंगाच्या पट्ट्या दोरीला टांगलेल्या असतात. कापलेल्या शिंगाने एक पावसाळा तरी पाहिला पाहिजे, ही फजलभाईंच्या वडिलांची शिस्त. ओल्या शिंगाची मूठ आज सरळ दिसते, सुकताना वाकते. मग वस्तरा मिटताना पातं मुठीवर आपटतं आणि धारेचा टवका उडतो.

वाशीचा प्रीतम त्यांच्याकडून वस्तरे करून घ्यायचा आणि शौकिनांना विकायचा. त्यात गैर काही नव्हतं. पण एक दिवस करिमुन्निसाने मला मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. फजलभाईंची मूठ हातात धरून तो सांगत होता, ही मी घडवली, वडिलांकडून शिकलो. पावसाळ्याची गोष्टसुद्धा शब्दन् शब्द तीच.

"याचा बाप विम्याचा एजंट," करिमुन्निसा म्हणाली. "माझा सासरा चोरलान् मेल्याने."

फजलभाई दगडावर पातं फिरवत राहिले.

पुढे प्रीतम एक देखणं जुनं पातं घेऊन आला. वाशीत प्रदर्शन होतं. "चाचा, एकदम खास मूठ पाहिजे."

"खासच देतो," फजलभाई म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी बादलीतलं नुकतं आणलेलं शिंग काढलं आणि कापायला घेतलं.

"अहो, हे ओलं आहे," मी म्हणाले.

"हो, मीनाताई."

"वाकेल ना."

"वाकायलाच पाहिजे."

मूठ आरशासारखी चकाकत होती. प्रीतमने ती उलटून पालटून पाहिली आणि खूश होऊन नेली. पावसाळ्याची गोष्ट त्याला पाठ होती. ओलं शिंग हाताला कसं लागतं, ते ठाऊक नव्हतं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी चांगली साडी नेसले होते. एसी हॉलमध्ये, दिव्यांखाली तो वस्तरा पहिल्या दिवसापासून मांडून ठेवलेला होता. प्रीतमने तो उचलला आणि सवयीने एका हाताने झटक्यात मिटला. खट् आवाज झाला. समोरच्या वयस्क गिऱ्हाइकाने वस्तरा घेऊन उजेडात धरला.

"मूठ वाकली आहे. शिंग न सुकवता कोणी बसवलं हे?"

प्रीतमची नजर आमच्या मागे उभ्या असलेल्या फजलभाईंवर गेली. नाव घेतलं तर व्हिडिओ खोटा, न घेतलं तर हात खोटा.

"मीच," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाने वस्तरा खाली ठेवला. मला प्रीतमची दया आली नाही. करिमुन्निसा पदराआड हसत होती.

संध्याकाळी तो घरी आला. "चाचा, मुद्दाम केलंत तुम्ही."

"मी? मूठ तुझी, बेटा."

"निदान धार तरी काढून द्या. आणि नवी मूठ."

फजलभाईंनी दोरीकडे बोट दाखवलं. त्याच शिंगाच्या उरलेल्या पट्ट्या तिथे लटकत होत्या. "सुकू दे. पावसाळ्यानंतर ये."

पावसाळा संपला, दिवाळीही झाली. काल प्रीतम आला होता. फजलभाईंनी पट्टीला हातही लावला नाही.

"अजून ओलं आहे," म्हणाले.