पर्मनंट फक्त प्रिंटर

आमच्या खोलीत किस्से साठतात त्याला कारण आहे. नेट चालू असताना आमच्याकडे कुणी फिरकत नाही. बंद पडलं की सगळे येतात, तेही तोंड वाकडं करून! त्यामुळे महापेच्या या ऑफिसातला हसरा माणूस मी क्वचितच पाहिलाय. आणि अलीकडचे किस्से ऐकायचे असतील तर आधी चहा संपवून घ्या. नंतर घशाखाली उतरत नाही.

आयटीच्या या खोलीत आम्ही दोघं. मी सानपाड्याची, आणि माझे सीनियर म्हात्रेदादा, करावे गावचे. ऑफिसात येणारा प्रत्येक लॅपटॉप, फोन, प्रिंटर आधी आमच्या डीएचसीपी सर्व्हरकडे पत्ता मागतो. पत्ता मिळाला तर नेट, नाहीतर बसा. तो सर्व्हर दादांनीच कॉन्फिगर केलेला. प्रिंटरचा पत्ता कायमचा, कारण तो बदलला तर प्रिंट कुठे पाठवायची? बाकी सगळ्यांना ठरावीक मुदतीचा, म्हणजे लीजवर. मी नवीन असताना दादांनी मला हे एका दमात शिकवलं होतं.

"पर्मनंट फक्त प्रिंटर, बाय. आपुन सगले लीजवर!"

तेव्हा मी हसले होते.

*

अकाउंट्सचे एक साहेब खांदेश्वरला राहतात. जागेवर वायफाय नीट येत नाही म्हणून त्यांनी घरचा जुना राउटर आणून गुपचूप टेबलाखाली जोडला. त्या डब्यानेही पत्ते द्यायला सुरुवात केली! अर्धा मजला चुकीचे पत्ते घेऊन बसला. दादा सकाळभर वाकून वाकून टेबलांखाली बघत फिरले. सापडला तेव्हा राउटरवर हळद-कुंकू. दसऱ्याला पुजलेला!

"साहेब, पूजा करा, पन जोडू नका," दादा म्हणाले.

*

मग पत्तेच संपले. एकेकाचे दोन फोन, वर मनगटावरचं घड्याळ, तेही पत्ता मागतं. उशिरा येणाऱ्याला नेट नाही. पत्त्यांची रेंज वाढवायला दादांनी वर परवानगी मागितली, उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात अचानक पत्ते पुरायला लागले. मॅनेजरने येऊन पाठ थोपटली. "गुड जॉब!"

आम्ही काहीच केलं नव्हतं. माणसं कमी झाली होती.

*

माणसं काढायची पद्धत अशी. सकाळी एचआरच्या मॅडमचा मेसेज येतो, त्यात एक नाव. आम्ही त्या माणसाच्या मशीनला ब्लॉक लावायचा, म्हणजे सर्व्हर त्याला पत्ता देत नाही. तेवढ्यात त्याला वर बोलावतात. एकदा मॅडम ट्रॅफिकमध्ये अडकल्या आणि जाधव, साताऱ्याकडचा, सरळ आमच्याकडे आला.

"दादा, नेट येईना झालंय. बघता का जरा?"

मी मान खाली घातली. सांगायची आम्हाला परवानगी नव्हती. दादांनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि कपाटातून नवीकोरी केबल काढून दिली.

"थँक्यू हां दादा! आता चालंल," म्हणत तो गेला.

दादांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मला या नोकरीची शिसारी आली.

*

ही पद्धत लोकांना कळायला वेळ लागला नाही. एका दुपारी नेटवर्कचा स्विच बंद पडला आणि अख्ख्या मजल्याचं नेट गेलं. एरवी फोन वाजून वाजून डोकं उठतं. त्या दिवशी एक फोन आला नाही! आम्ही बाहेर येऊन बघतो तर सगळे गप्प बसून ड्रॉवर रिकामे करतायत. कुणी देवाचा फोटो काढला, कुणी मुलाचा. एकाने तर मॅनेजरसमोर उभं राहून आयमाय काढून सगळं ऐकवलं.

तेवढ्यात नेट आलं!

फोटो परत लागले. त्या एकाचं नाव मात्र दुसऱ्या सकाळी मॅडमच्या मेसेजमध्ये होतं.

*

मग बातमी आली की सर्व्हर आता बाहेरची कंपनी सांभाळणार, इथे एक माणूस पुरे. म्हणजे आमच्या दोघांतला एक जाणार. माझ्या घरात मी एकटी कमावती. दादांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, आणि त्यांच्या वयात नवी नोकरी कोण देतो? आम्ही त्यावर बोललोच नाही. दोघंही सकाळी आलो की आधी आपापल्या लॅपटॉपवर नेट येतंय ना, ते बघायचो.

एका सकाळी मेसेज माझ्या एकटीच्या फोनवर आला. दादा समोरच बसलेले. माझ्या तोंडाकडे बघून ते उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर सर्व्हर उघडा, फोनवर त्यांचं नाव. माझी बोटं चालेनात. मी रडायलाच लागले.

"सरक," दादा म्हणाले.

माझ्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपला ब्लॉक लावला. सेव्ह केलं. मग आपल्या टेबलाशी जाऊन लॅपटॉपची केबल काढली, परत लावली, आणि पत्ता येतोय का ते बघत थांबले. आला नाही.

"ब्लॉक लावला का चेक कराचा, बाय," ते म्हणाले. "तू कधीच चेक करत नाय."