दोन-शून्यला उठून गेलेली माणसं

फुटबॉलवर बोलणारा माणूस किती पाण्यात आहे हे यामिनीबाई सबनीसांना दुसऱ्या वाक्यालाच कळे, आणि तिसऱ्या वाक्याला तो त्यांच्या मनातून उतरलेला असे. त्यांचे वडील सरकारी नोकरीत बदलून कोलकात्याला आले आणि तिथल्या बालीगंज भागात कायमचे राहिले. मुलगा नव्हता, म्हणून मुलीला घेऊन ते मैदानावर लीगचे सामने बघायला जात. चिखल तुडवत, आजूबाजूच्या बंगाली शिव्या ऐकत यामिनीबाई हा खेळ शिकल्या.

सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार आणि अंतिम सामना सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर, हे कळलं तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. कुणाला न सांगता बसने जाऊन स्टेडियमची डागडुजी फाटकातून बघून यायच्या.

"अगं, पोरासोरांचा विश्वचषक तो," नवरा हेमंत म्हणाला. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस क्रिकेटचा भक्त.

"तुमच्या क्रिकेटचा विश्वचषक म्हणजे चार घरचं हळदीकुंकू," यामिनीबाई म्हणाल्या. "हा अख्ख्या जगाचा आहे."

सामने सुरू झाले आणि सगळे हौशे-नवशे-गवशे जागे झाले. ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, ते लिफ्टमध्ये डावपेच समजावू लागले. त्यात अग्रेसर यामिनीबाईंचा जावई ऋषभ. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. अंतिम सामन्याची तिकिटं हां हां म्हणता संपली, आणि त्याने मिळवलेल्या पासवर जाण्याची पाळी यामिनीबाईंवर आली. हा अपमान त्यांनी गिळला.

पाहुण्यांच्या कक्षात बिर्याणी होती, गारवा होता, मैदानाकडे पाठ करून फोटो काढणारी माणसं होती.

"आई, आपली टीम कुठली?" ऋषभने विचारलं.

"आपली टीम तिन्ही सामने हरून केव्हाच घरी गेली. आज स्पेन आणि इंग्लंड आहेत."

"मग आपण स्पेन!" असं म्हणून तो पुन्हा बिर्याणीकडे वळला.

स्पेनने अर्ध्या तासात दोन गोल केले. ऋषभने घड्याळ पाहिलं. "संपलं हो आता. आत्ता निघालो तर बायपासला गर्दी लागणार नाही."

"पूर्वार्धही झाला नाही अजून," यामिनीबाई म्हणाल्या.

"आई, चल ना गं," मुलगी गौरी म्हणाली. "उगीच हट्ट करू नकोस."

"तुम्ही जा. मी टॅक्सीने येईन."

ती दोघं खरंच गेली. चार मिनिटांत इंग्लंडने एक गोल फेडला. त्या कक्षात तो कुणी नीट पाहिलाही नाही. यामिनीबाई उठल्या आणि खाली साध्या प्रेक्षकांकडे जायच्या दारापाशी आल्या. पहारेकरी म्हणाला, "मासीमा, लोक वर जायला धडपडतात आणि तुम्ही खाली?"

"वर सगळे जेवताहेत," त्या बंगालीत म्हणाल्या. तो हसला आणि बाजूला झाला.

पायऱ्यांवर बसून त्यांनी उत्तरार्ध पाहिला. दुसरा गोल, तिसरा, चौथा, पाचवा. इंग्लंडच्या पोरांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, तरी चौथ्या गोलाला त्या उभ्या राहून ओरडल्या आणि घसा बसला. आपण ओरडलो याचंच त्यांना नवल वाटलं.

पुढच्या महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ऋषभ चहाचा कप हातात धरून चारचौघांना रंगवून सांगत होता, "दोन-शून्यवरून पाच-दोन! अंगावर काटा आला. आईंना विचारा, आम्ही तिथेच होतो."

सगळे यामिनीबाईंकडे वळले. गौरीने डोळ्यांनीच विनवलं.

"मी होते," यामिनीबाई म्हणाल्या. "ही दोघं तेव्हा बायपासची गर्दी चुकवत होती."

कुणीतरी फिसकन हसलं. ऋषभचे कान लाल झाले. गौरी पंधरवडाभर आईशी बोलली नाही.

"काय मिळवलंस?" हेमंतने विचारलं. "जावयाचं तोंड पाडलंस चारचौघांत."

"त्याने माझी साक्ष काढायला नको होती," यामिनीबाई म्हणाल्या, आणि टीव्हीवर चाललेल्या क्रिकेटकडे पाहून त्यांनी नाक मुरडलं.