तेल, चोप्राजी आणि साहेबांचं हिंदी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. दिवसभर तेल गाळलं की फिल्टरच्या कापडावर थर साचतो ना, तसे ते साचतात. दिल्लीतल्या आमच्या सरकारी तेल-प्रयोगशाळेत तर इतके साचले की नोकरी संपली तरी खरवडून संपत नाहीत!

मंडळी मोजकीच. प्रमुख जोगळेकर साहेब, पक्के पुणेकर. ऑपरेटर चोप्राजी, पक्के पंजाबी. आणि मी, केमिस्ट. आमचा छोटासा प्लांट बियांमधलं तेल काढायचा आणि गाळायचा. वरच्यांना मात्र तो हॉल कँटीनसाठी हवा होता. ‘प्लांट बंद होणार’ अशी बातमी अधूनमधून यायची आणि साहेबांना डबा जायचा नाही. त्यांचा सगळा जीव त्या प्लांटमध्ये होता. माझाही होता, खोटं कशाला बोलू!

*

साहेब दिल्लीत मुरले, पण हिंदी पुण्यातच राहिलं. एकदा मीटिंगला जाता जाता ओरडले, “चोप्राजी, पहले तेल को गाळ दो, फिर मुझे बुलाओ!”

बऱ्याच वेळाने मी गेले तर चोप्राजी टाकीसमोर विचारात पडलेले.

“क्या हुआ?”

“मैडम, सर बोल गए, तेल को गाली दो. दे तो दूँ... हिंदी में दूँ या पंजाबी में?”

*

एकदा फिल्टरचं कापड फाटलं. नवं येईना, म्हणून मी पानिपतच्या एका दुकानदाराला फोनवर सांगितलं, “मोटा कपड़ा भेजिए, मजबूत, एकदम बढ़िया.”

त्याने खरंच बढ़िया पाठवलं. त्यावर हिरवे मोर छापलेले! काम अडलं होतं, लावलं तेच. कापड टिकलं, गाळ अडला, सगळं झकास.

बाहेर काढल्यावर साहेबांनी ते पांढरंफटक कापड उलटसुलट करून पाहिलं. “अहो, मोर कुठे गेले?”

चोप्राजींनी हिरवंगार तेल पुढे केलं. “इसमें, सर!”

*

आमच्याकडे बियांमधलं उरलंसुरलं तेल हेक्झेन नावाच्या रसायनाने ओढून घेत. त्याला पेट्रोलसारखा वास. माझ्या साडीला तो चिकटायचा. संध्याकाळी घरी जायला हिंदूराव हॉस्पिटलकडच्या बसमध्ये मी चढले की कंडक्टर ओरडायचा, “बीड़ी बुझाओ भई, मैडम आ गईं!”

दिल्लीच्या बसमध्ये बाईमाणसाला एवढा मान! मला रोज खिडकी मिळायची.

*

तेलाचा रंग उतरवायला एक माती लागते, साधारण मुलतानी मातीची बहीणच. ती गोदामातून भराभर संपायला लागली. साहेब एकदा अकाउंट्स सेक्शनमध्ये गेले आणि तावातावाने परत आले.

“आपलं तेल गढूळ आणि त्या सगळ्या बायका तुकतुकीत! हे कसं?”

मी खाली मान घालून हसू दाबलं. तुकतुकीत तर मीही होते.

*

शेवटी एकदा ती कमिटी ठरलीच. भाटिया साहेब आणि दोन मेंबर येऊन बघणार, प्लांट ठेवायचा की कँटीन करायचं. तेल काढल्यावर उरलेला सोयाबीनचा चोथा कोरडा ठणठणीत निघाला, तर प्लांट वाचला.

टेन्शनने साहेबांचा घसा बसला. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्याच रडक्या आवाजात भाटियांच्या घरी फोन केला. “बहनजी, मैं जोगळेकर. कल ग्यारह बजे चोथा है. साहब को जरूर भेजिए.”

दुसऱ्या दिवशी तिघेही आले. पांढरे कुर्ते, डोक्यावर रुमाल. दारातच बूट काढले आणि मुकाट्याने खाली बसले.

“बघा,” साहेब माझ्या कानात म्हणाले, “सायन्सबद्दल किती आदर!”

मी चोप्राजींकडे पाहिलं, चोप्राजींनी माझ्याकडे. दिल्लीत माणूस गेला की चौथ्या दिवशी लोक सांत्वनाला जमतात, त्याला म्हणतात चौथा! पण आता बोलायचं कोणी?

भाटियांनी हात जोडले. “कब हुआ?”

“आज सुबह ही, सर.”

“बहुत तकलीफ हुई?”

“बहुत. लेकिन आखिरी बूँद तक निकाल लिया.”

भाटिया चरकले. हळूच म्हणाले, “आपके... कौन थे?”

साहेबांनी अभिमानाने ट्रे पुढे केला. “सोयाबीन!”

चोप्राजींना राहवेना. ते भाटियांच्या कानाशी लागले. भाटिया आधी लाल झाले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मात्र त्यांनी चिमूटभर चोथा बोटांत चोळला, कागदावर दाबला, उजेडात धरला. कागदावर तेलाचा डाग नाही!

बूट घालताना ते म्हणाले, “जोगळेकरजी, प्लांट चलेगा. मेरे होते यहाँ चौथा नहीं होगा!”

साहेबांचा चेहरा पडला.

“ऐसा मत कीजिए, सर! हमारे यहाँ तो रोज होता है!”