नुसतं घामतंय

पेणला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत काळुराम मिस्त्रीचं गॅरेज आहे. इंजिनाखाली तेलाचा एक थेंब दिसला, तरी हा बाबा गाडी सोडत नाही. पॅकिंग बदलील, सील बदलील, स्वतः फेरी मारून येईल, आणि गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी संध्याकाळशिवाय चावी देणार नाही. "मिस्त्री, सर्दीला ऑपरेशन करता तुम्ही," असं लोक तोंडावर म्हणतात. काळुराम हसत नाही.

त्याचं घर खाडीकाठचं, मिठागरातलं. बाप जन्मभर खारभूमीच्या बांधावर राबला. बांधाला बोटभर पाझर दिसला, तरी तो भरल्या ताटावरून उठायचा. चिखल आणि पेंढा घेऊन सारा गाव धावायचा, कारण त्याच पाझराची पुढच्या भरतीला खांड पडायची, बांध फुटायचा आणि खारं पाणी भातात शिरायचं. काळुराम आणि धाकटा रघू त्या चिखलाच्या पाट्या वाहूनच मोठे झाले. पाझर म्हटलं की काळुरामचा जीव उडायचा. एकदाच तो हे विसरला.

नऊ वर्षांपूर्वीच्या श्रावणात रघू गॅरेजवर आला. त्याची रोह्याला कंपनीत शिफ्ट असे, आणि तो रोज मोटरसायकलनं जाई.

"दादा, खालून जरा ऑईल गलतंय रं," तो म्हणाला.

काळुरामपुढे तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. "नुसतं घामतंय. पुसून चालव."

घामतंय हा मिस्त्री लोकांचा शब्द. वरवरची ओल आहे, काळजी नको, एवढाच त्याचा अर्थ. आठव्या दिवशी नागोठण्याच्या अलीकडच्या वळणावर रघूचं मागचं चाक घसरलं आणि रघू गेला. रस्ता ओला होता, असं सगळे म्हणाले. काळुरामही तेच म्हणाला.

गाडी रघूच्या पडवीत प्लास्टिकखाली उभी राहिली. तेल क्लचच्या झाकणातून येत असेल, तर ते रस्त्यावर पडतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण चेनच्या बाजूचं सील गेलेलं असेल, तर ते चेनवरून मागच्या टायरवर उडतं. दोन्हींतलं खरं काय, ते एक झाकण काढलं की कळलं असतं. नऊ वर्षं त्या झाकणाला हात लावायची काळुरामची छाती झाली नाही. लोकांच्या गाड्या मात्र तो थेंबासाठी खोलत राहिला.

यंदा रघूच्या मुलीला, शांतीला, रोह्याला नोकरी लागली. तिला बापाचीच गाडी हवी होती. ती आणि तिची आई सगुणा गाडी टेम्पोत घालून गॅरेजवर घेऊन आल्या.

"काका, हिचं ऑईल गलायचं ना? तेवढं बघा," शांती म्हणाली आणि कोपऱ्यावर चहा सांगायला गेली.

आता पळायला जागा नव्हती. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली पांढरी धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून काळुरामनं पडदा ओढला आणि चेनच्या बाजूचं झाकण काढलं. आत कोपऱ्यात एक चिंधी कोंबलेली होती, तेलानं काळी आणि कडक झालेली. तिच्यामागचं सील फाटलं होतं.

रघूला हे दिसलं होतं. भावाकडे पुन्हा न येता त्यानंच चिंधी लावून पाहिलं होतं. लपवावं असं काळुरामच्या मनात आलं, नाही असं नाही. पण सगुणा समोरच बाकावर बसली होती.

"सगुणा, त्यानं मना सांगितलं हुतं. मी बघितलं नाय. घामतंय बोललो. तेल चाकावर जात हुतं गो. रघूला मी मारला."

सगुणा उठली. तिनं चिंधी हातात घेतली आणि घडी उलगडली. आत बोटभर हिरवा काठ अजून शाबूत होता.

"माझ्या लुगड्याची हाय," ती म्हणाली. "मीच फाडून दिली. मी बोलले, दादाकडं परत जावा. ते बोलले, दादा घामतंय बोललाय, मंग घामतंय. आन् मी गप बसले. नऊ वर्सं मना वाटतंय, तवा चावी लपवली असती तर?"

एकाच ओझ्याखाली दोघं नऊ वर्षं वेगवेगळी वाकली होती, आणि एकमेकांना सणासुदीला भेटत होती. काळुराम ढसाढसा रडला. सगुणानं चिंधी पदरात बांधून घेतली. तेल किती आणि पाऊस किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

पुढचे चार दिवस त्यानं दुसरी गाडी हातात घेतली नाही. सील, ब्रेक, टायर, सगळं नवं घातलं. रोह्यापर्यंत स्वतः जाऊन आला. परत आल्यावर इंजिनाखाली कोरा कागद अंथरला आणि संध्याकाळपर्यंत त्यापाशी बसून राहिला. कागद कोराच राहिला.

शांतीला चावी देताना त्यानं ती क्षणभर मुठीतच धरून ठेवली.

"शांते, एक थेंब जरी दिसला, तरी गाडी हितं आणायची. आन् मी घामतंय बोललो, तर माझं ऐकायचं नाय."