झाकणावरचा शेंदूर

औंढ्याच्या कादर मुलाण्याचा ट्रॅक्टर मुक्ताबाईच्या माळावर पुन्हा बंद पडला, तेव्हा बांधावर बसलेल्या हौशीराम आबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि शांतपणे विचारलं, "कादर, वैरण टाकलीस का त्याला?"

माणसं हसली. कादरही हसला. पण त्याचे कान इंजिनाकडं होते. बंद पडायच्या आधी ते दोनदा खोकलं होतं, मग तहानल्यासारखा सूर बारीक बारीक होत गेला होता. काल असंच. परवाही असंच. सकाळी हँडल मारलं की पेट्रोलवर झकास चालू व्हायचा, तापला की रॉकेलवर घ्यायचा, माळाची ढेकळं उलथत दोन-चार तास सरळ चालेल म्हणून सगळी मांडून बसावीत, तर अर्ध्या तासात ह्याचा जीव गेलेला. जरा वेळ निवला, की पुन्हा काही झालंच नाही असा चालू.

युद्धाच्या काळात कादर देहूरोडच्या लष्करी डेपोत लॉऱ्या दुरुस्त करायचा. युद्ध संपलं तशी माणसं कमी केली. मेहुण्यानं मुंबईच्या गॅरेजात जागा बघून ठेवली होती, पण कादरला गाव सोडायचं नव्हतं. लोणावळ्यात एका पारशी बाईंच्या बंगल्यामागं, फणसाखाली, त्यांच्या नवऱ्यानं कधीकाळी बागेसाठी आणवलेला लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर गंजत पडलेला होता. सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या. बाईंची मोटार कादरनं पुष्कळ वर्षं चालती ठेवली होती. त्या म्हणाल्या, घेऊन जा बाबा, मला त्याच्याकडं बघवत नाही. बैल लावून तो गावात ओढत आणला आणि सगळा हिवाळा खपून जिवंत केला. बायकोला, जैतुनबीला, त्यानं सांगून टाकलं होतं: ह्या वैशाखात ह्यानं गावाचे माळ नांगरले, तर आपण हितंच. न्हाई तर मुंबई.

विधवा मुक्ताबाईच्या दावणीला बैल नव्हते, म्हणून पहिला मान तिच्या माळाचा. गाव बघायला जमलं होतं ते ह्यासाठीच. हा माळ निघाला तर बाकीचे बोलावणार होते.

हिवाळाभर कादरच्या शेजारी बसून पाने हातात देणारा एकच माणूस होता, रखमाजी. दोघं गुरांमागं एकत्र वाढलेले. ईदेच्या शिरखुर्म्याची पहिली वाटी त्याच्या घरी जायची, आणि त्याच्या घरच्या पुरणाची कादरकडं यायची. रखमाजीची खिल्लारी जोडी अख्ख्या पवनमावळात नावाजलेली. कादर त्याला एकेक भाग उलगडून सांगायचा. टाकीच्या पितळी झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. हे कशापायी, असं रखमाजीनंच विचारलं. कादरनं सांगितलं, की रॉकेल खाली उतरायला वरून हवा लागते. हितनं त्यो श्वास घेतो, बंद केलं की मेला. रखमाजी त्या भोकावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला होता.

पहिल्या दिवशी नारळ त्यानंच आणला. तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि सगळ्या गावासमोर त्या पितळी झाकणावर जाड थापला. माझ्या बैलांच्या कपाळाला लावतो तसा ह्याच्या बी, म्हणाला. कादरनं नारळही त्याच्याच हातून फोडवला.

आता तो खोड शोधत होता. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, हँडल फिरवून घेतलं. ठिणगी निळी, कडक पडली. म्हणजे ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा दोष नव्हता. कारबुरेटरची नळी सोडली, तर रॉकेल नुसतं ठिबकत होतं. टाकीत कचरा असेल म्हणून झाकण कडेनं धरून, शेंदराला बोट न लावता, उघडलं. गाळणी धुतली. नळीतून धार सुटली. कचराच होता, म्हणत त्यानं सगळं बसवलं, झाकण लावलं. ट्रॅक्टर चालू झाला, आणि अर्ध्या तासानं पुन्हा खोकला.

संध्याकाळी मुक्ताबाई कादरच्या घरी आली. ओशाळून म्हणाली, की कादरभाऊ, राग मानू नका, पर गावानं उद्या इर्जिक ठरवलीया. इर्जिक म्हणजे अडलेल्याच्या रानात सगळ्यांनी आपापले नांगर घेऊन जायचं, काम उरकायचं आणि त्याच्याकडं जेवायचं. कादर म्हणाला, बरं झालं. जैतुनबी चुलीपुढून उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी नांगर यायच्या आधी तो एकटा माळावर गेला. ट्रॅक्टर चालू केला, जागीच जोरात चालू ठेवला आणि मरू दिला. मग घाई केली नाही. काल झाकण उघडून धार बघितली होती. आज झाकण बंद ठेवूनच नळी सोडली. ठिबक. मग झाकणाला जरासा पीळ दिला. सूंऽऽ करून हवा आत गेली आणि ठिबक होती तिची धार झाली.

कादर स्वतःशीच हसला. वेडा रखमाजी. मायेनं शेंदूर थापला, त्यो भोकात गेला. आता हे त्याला सांगितलं की तो आठवडाभर स्वतःला शिव्या देणार. वरचा शेंदूर न मोडता आतल्या बाजूनं तारेनं ढोसावं म्हणून त्यानं झाकण उलटं धरलं. तार आत जाईना. जोर केला तसा शेंदराला सुईएवढं भोक पडलं आणि बाहेर आली ती एक काडी. बांबूची. भोकाच्या मापाची, दोन्ही टोकं कापून सारखी केलेली, मेणात बुडवलेली.

ती तळहातावर घेऊन तो रखमाजीच्या गोठ्यात गेला. रखमाजी बैलांच्या शिंगांना तेल लावत होता. त्यानं काडीकडं पाहिलं आणि नाकारलं नाही.

"सापडली व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं तू शेंदराला हात लावायचा न्हाईस."

"न्हाईच लावला. आतनं ढोसलं." कादर थांबला. "का रं?"

"इर्जिकीत पुढला नांगर कुनाचा?"

"तुजा."

"तुजं लोखंड माळावर आलं की इर्जिक कोन बलावनार? समदा हिवाळा मला सांगत बसलास, ह्ये भोक कशाचं न् त्यो नट कशाचा. माजं काय व्हनार, त्ये येकदा तरी इचारलंस?"

ते खरं होतं. विचारलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. कादरला वाटलं, गव्हाणीवर बसावं, दोघांनी मिळून विडी ओढावी आणि काहीतरी वाट काढावी. तो बसायला वळलाही. तेवढ्यासाठीच म्हणाला, की इर्जिक होऊ दे, पुढला नांगर तुजाच. फक्त चार लोकांत सांग की खोड इंजिनात नव्हती.

"आन न्हाई सांगितलं तर?"

"तर म्या सांगन. ही काडी दावन."

"दाव की." रखमाजी पुन्हा शिंगाकडं वळला. "शेंदराला भोक कुनी पाडलं त्ये आदी इचारत्याल. आन पाडनारा मुलाना हाय, त्ये कुनाला सांगाय लागत न्हाई."

कादर उभाच राहिला. ह्या तोंडातून त्यानं जन्मभर शिव्या ऐकल्या होत्या, कादऱ्या ऐकलं होतं, मुलाना कधी ऐकलं नव्हतं. काडी भोकाच्या मापाची कापलेली होती, तसा शेंदूर कादरच्या मापाचा निवडलेला होता. कादर त्याला हात लावणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानंच तो लावला होता.

घरी जैतुनबीला सगळं कळलं. ती म्हणाली, गावाला सांगा, समदे काय रखमाजी न्हाईत. कादरनं विचार केला. हौशीराम आबा असं विचारतील? बहुतेक नाही. मुक्ताबाई? ती तर नाहीच. पण विचारलं तर. एकानं जरी विचारलं, तर मग ह्या गावात राहायला उरतं काय? ते करून बघायची त्याची छाती झाली नाही.

तो माळावर परतला तेव्हा नांगर जुंपले होते आणि खिल्लारी जोडी पुढं होती. त्यानं हँडल मारलं. ट्रॅक्टर पहिल्याच झटक्याला बोलला. सगळे वळले.

"झाला का चालू," रखमाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माजा शेंदूर पावला बगा."

माणसं हसली. सवयीनं कादरच्याही तोंडावर हसू आलं, आणि ते आलेलं त्यालाच कळलं.

हौशीराम आबांनी कुटं निघालास म्हणून विचारलं. लोणावळ्याला, तो म्हणाला. बघतो कितीसा चालतोय. मुक्ताबाई जेवायला थांबा म्हणाली. येतो की, म्हणत त्यानं ट्रॅक्टर गाडीवाटेला लावला.

बाईंचा बंगला, फणसाची जागा, तिथं हा परत उभा करायचा, मग मेहुण्याला निरोप. एवढंच ठरवलं होतं. पाठीमागं बैलांना घातलेल्या हाका कमी कमी होत गेल्या. अर्धा तास झाला असेल. त्याचा हात आपसूक रॉकेलच्या तोटीकडं गेला आणि कान खोकला ऐकायला टवकारले. इंजिन एका सुरात चाललं होतं. वळण आलं, चढ आला, तरी सूर ढळला नाही. इतकी वर्षं मशिनींत काढून कादरला पहिल्यांदाच वाटलं, की हा बंद पडावा.