मेहकर ते जनवाडा, सडक सोडून

मंडळी, ऐतवारच्या सायकल राईडचा रस्ता अजून पक्का नाही. कामून, ते सांगतो.

आपल्या सीमाभागातल्या मेहकरपासून जनवाडा आणि परत, एका दिवसात, डांबर टाळून, असं आपलं ठरलंय. मोबाईलच्या नकाशात गाडीवाटा दिसत नाहीत. म्हणून आज सकाळी मल्लाप्पा आज्जांकडे गेलो. नव्वदी ओलांडलेले, जन्मभर मेंढरं राखलेले. आता बाजेवरून उठता येत नाही.

"आज्जा, सडक सोडून जनवाड्याला कसं जायचं?"

ते म्हणाले, "हेच अण्णानं इचारलं व्हतं."

अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. सडकेवर बंदूकवाले माणसं अडवायचे. जनवाड्यात दिलेल्या बहिणीची खबर घेऊन अण्णाला सायकलवर त्याच दिवशी परतायचं होतं. मल्लाप्पा आज्जांनी त्याला नदीकाठची मेंढरांची वाट सांगितली. आपल्याकडं वाट सांगणारा शिवेपर्यंत सोबत जातो. त्या दिवशी एक मेंढी व्यायला अडली होती, म्हणून हे गेले नाहीत.

"सायकल ओढ्यात सापडली. अण्णा न्हाई सापडला."

त्यानंतर त्यांनी कुणालाच वाट सांगितली नाही. आज मला सांगितली, एकेक विहीर, एकेक ओढा. मी लिहून घेतलं. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऐतवारी हिकडूनच जा. मी शिवेपस्तोर येतो."

मी व्हय म्हणून आलोय. आता ऐतवारी काय करू, तुम्हीच सांगा.